न धुतलेला रुमाल

झादे आत्या हातात तांब्याची झारी घेऊन रस्त्यानं निघाली की अंगणातल्या बायका हातातलं काम थांबवून एकमेकींना विचारत, "कोण गेलं गं?" द्रिन नदीच्या काठच्या आमच्या गावात मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायचं काम तिच्याकडे होतं. पुरुषांना मशिदीत नमाज पढवणारा होजा धुवायचा, बायकांना झादे. जख्ख म्हातारी असो की बाळंतपणात गेलेली कोवळी सून, शेवटचं पाणी तिच्याच हातचं. एरवी तिला कोणी चहाला बोलवत नसे. लग्नघरी तर नाहीच. नवरीनं तिचं तोंड पाहू नये असं सगळ्यांना वाटायचं, आणि हे तिला सांगावं लागत नसे.

तोंडाचं कारण जुनं होतं. राजाच्या अमलात, झादे लहान असताना, घरात देवीचा रोग आला. दोन मोठ्या बहिणी गेल्या आणि झादे राहिली. राहिली, पण चेहरा असा झाला की ओल्या मातीवर गारा पडून गेल्यासारखा. तिला स्थळ आलं नाही. आईनं घरातला आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला, तो तसाच राहिला. आई गेली, भाऊ इद्रीझचं लग्न झालं, आणि झादे भावाच्या घरी चूल, गाय आणि कोंबड्या सांभाळत राहिली. गावातली जुनी धुणारी थकली तेव्हा तिनं झादेलाच हाताशी धरलं, कारण बाकीच्या बायका प्रेताला घाबरत. झादेला विचारलं तर म्हणायची, "मला बाई बरं वाटतं त्यांच्यात. एक तरी माझ्या तोंडाकडे टक लावून बघते का?"

कामाला मात्र ती फार नेटकी. पाणी कोमट हवं, कोपराच्या आतल्या बाजूला ओतून बघायचं, तान्ह्या पोरासाठी बघतात तसं. कोणी घाई केली तर खेकसायची, "मेली म्हणून काय थंड पाण्यात बुडवू तिला?" आणि धुताना बोलायची. "उजवा हात दे, बाई. हं, असा. आता डावा दे. झालंच हं." बाहेर बसलेल्या बायकांना ते ऐकू यायचं आणि रडणाऱ्यांचं रडं जरा खाली बसायचं.

मेलेलीच्या अंगावरचे कपडे धुणारीला द्यायचे, ही आमची रीत. ते नाकारले तर मेलेलीचा अपमान होतो. झादे गाठोडं घ्यायची, पण तिचा एक नेम होता. अंगणात मोठी कढई चढवायची, चुलीतली राख घालून पाणी उकळायचं आणि कपडे त्यात घोटून काढायचे. त्याआधी त्यातली चिंधीसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. जुनी धुणारी तिला हेच शिकवून गेली होती. कशासाठी, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि झादेनं विचारलं नव्हतं.

इद्रीझची बायको मुलगी रांगायच्या आत छातीच्या दुखण्यानं गेली. झादेनं तिला धुतलं, झारी पालथी घातली आणि तशीच आत जाऊन पोरीसाठी दूध गरम करायला घेतलं. तेव्हापासून ती पोर तिची. नाव अफर्दिता, सगळे दिता म्हणायचे. बापापेक्षा आत्याच्या मागेमागे जास्त. मोठी झाली तशी तोंडानंही फटकळ झाली, अगदी आत्यासारखी. सतराव्या वर्षी पलीकडच्या गावात तिची सोयरीक ठरली. लग्न शरदात, मका काढून झाला की. रंगीत फुलं काढलेली लाकडी पेटी भरायला लागली होती. पायमोजे, उशांचे अभ्रे, भरतकामाचे टॉवेल, सगळं आत्याभाचीनं चुलीपाशी बसून केलेलं.

"लग्नात तू पुढे बसायचंस," दिता सांगायची.

"मी गाईपाशी बरी."

"तू नसलीस तर मी वरातीच्या गाडीतून उडी मारून घरी येईन. मग बसू दोघी गाईपाशी."

"उडी मार. पाय मोडला तर सासरचे म्हणतील, बरं झालं, वेळेवर कळलं."

झादे वरवर असं बोलायची, पण तिनं त्या लग्नासाठी गुपचूप एक नवा सदरा शिवायला घेतला होता. आयुष्यात एकदा तरी लग्नघरात पुढे बसायचं, एवढीच तिची हौस होती.

त्या वर्षी वरच्या आळीतला रेजेप मक्केला जाऊन हाजी होऊन आला. डोंगरावर बर्फ होतं अजून. हाजी परतला की त्याच्या घरी जायचं, त्याला कवटाळायचं, त्यानं मक्केतल्या पवित्र विहिरीचं आणलेलं पाणी चमचाभर प्यायचं, एक खजूर खायचा, हे आमच्याकडे कोणी चुकवत नाही. सगळं गाव जाऊन आलं. हाजीला स्वतःला थोडी कणकण होती, प्रवासाचा शीण म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. मग त्याची आई हमिदे आजारी पडली आणि चारसहा दिवसांत आटोपली. निरोप आला तशी झादे झारी घेऊन निघाली.

अंगावरची चादर काढली तेव्हा झादेचा हात थबकला. म्हातारी काळीनिळी पडली होती, सगळ्या अंगाला मुका मार लागल्यासारखी. "हे काय गं?" तिनं सुनेला विचारलं. सून म्हणाली, "तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, इंजेक्शन उलटलं." झादेनं पुन्हा बघितलं. तिला देवी माहीत होती ती फोडांची, पुवाची. इथे एकही फोड नव्हता. त्यामुळे तिच्या मनात ते आलंच नाही. पाणी कोपरावर ओतून बघितलं आणि म्हणाली, "उजवा हात दे, हमिदे."

निघताना सुनेनं गाठोडं दिलं. वर एक पिवळा रेशमी रुमाल घडी करून ठेवलेला, डोक्याला बांधायचा, काठाला सोनेरी धागा.

"हा ह्यांनी मक्केहून आणलेला. सासूबाईंनी आल्या दिवसापासून डोक्यावरून काढला नाही. तापातसुद्धा नाही."

"मग हा राहू दे घरात."

"रीत मोडू नकोस झादे. त्यांच्या जिवाला लागेल."

घरी येऊन तिनं कढई चढवली. सदरा, सुरवार, चादर, सगळं राखेच्या पाण्यात गेलं. रुमाल तेवढा हातात राहिला, तेवढ्यात दिता बाहेर आली.

"आई गं! हा कोणाचा?"

"हात लावू नकोस. उकळायचाय."

"रेशीम उकळतेस? राखेत? चिंधी होईल त्याची, आत्या!"

"मग नुसत्या पाण्यातून काढते."

दितानं तो ओढूनच घेतला आणि नाकाशी धरला. "वास बघ तरी. तिथलं अत्तर आहे हे. तिथे पोचावं म्हणून लोक जन्मभर तळमळतात, आणि तू ते मोरीत सोडणार?"

झादेनं वास घेतला. गुलाबाचा होता, आणि खाली आणखी कसला तरी, गोडसर. हा रुमाल त्या पवित्र भिंतीला टेकवून आणलाय असं हाजी सगळ्यांना सांगत होता. सगळ्या गावानं ते चमचाभर पाणी मान झुकवून प्यायलं होतं, आणि ही एकटी ते पुण्य राखेच्या पाण्यात घोटणार? जे तिथून पावन होऊन आलं, ते आपल्या कढईत आणखी काय स्वच्छ होणार? तिला लाज वाटली. तिनं मान हलवली आणि दितानं रुमाल घेऊन आत धूम ठोकली.

आमच्यातल्या कोणीही हेच केलं असतं. तिला पुढे हे अनेकांनी सांगितलं. उपयोग झाला नाही.

भिंतीकडे तोंड करून टांगलेला आरसा दितानं कधीच सरळ केला होता. त्यापुढे उभं राहून तिनं रुमाल बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "कशी दिसते?"

"माकडिणीसारखी," झादे म्हणाली. दोघी खूप हसल्या.

आठवडा उलटून गेला आणि वरच्या आळीत एकदम चार घरी ताप आला. हाजीकडे खजूर खाऊन गेलेल्या पाहुण्यांच्या गावांतही आला. मग फोड आले. मग एका सकाळी पुलावर शिपाई उभे राहिले, रस्त्यावर दोरी बांधली गेली आणि कर्णा लावलेली गाडी गावातून फिरली. कोणी बाहेर जायचं नाही, कोणी आत यायचं नाही, सगळ्यांनी देवी टोचून घ्यायची. ज्या रोगाचं नाव नव्या डॉक्टरांनी फक्त पुस्तकात वाचलं होतं, तो आमच्या आळीत येऊन बसला होता.

टोचायला हनिफे नावाची नर्स आली. बावीस-तेवीस वर्षांची, आमच्याच भाषेतली, शहरातली. तिनं इद्रीझच्या अंगणात टेबल मांडलं आणि बायका कोंबड्यांसारख्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या. दंड उघडा करायला कोणी तयार होईना.

"अहो, दंड तर दाखवायचाय," हनिफे कावली.

"ह्यांनीसुद्धा दिवसाउजेडी पाहिलेला नाही हा दंड," शेजारीण म्हणाली.

"मग घरी गेल्यावर दाखवा, तेव्हा त्यावर खूणही असेल." बायका हसल्या आणि एकेक पुढे झाली. हनिफेनं मदतनीस पुरुषाला फाटकाबाहेर पिटाळलं. दोन टोकांची बारीक सुई लसीत बुडवायची आणि दंडावर टोचटोच टोचायची, एवढंच काम. झादे पुढे आली तशी हनिफेनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सुई खाली ठेवली.

"तुम्हाला गरज नाही, आत्या. तुम्हाला येऊन गेली. जिला एकदा येऊन गेली, तिला पुन्हा येत नाही."

त्या चेहऱ्याकडे बघून कोणी काही चांगलं बोललं, ही झादेच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. तिनं दिताला पुढे ढकललं.

"दुखतंय का?" हनिफेनं विचारलं.

"मुंगी चावली," दिता म्हणाली.

मग हनिफेनं झादेला बाजूला घेतलं. "हमिदेला तुम्ही धुतलंत ना? त्या घरातून काय काय आणलंत?"

"कपडे. उकळले."

"सगळे?"

हनिफेच्या पाठीमागे दिता दंड धरून उभी होती. तिनं डोळे मोठे करून मान हलवली, नको, नको म्हणून. रुमाल पेटीत सगळ्यात वर होता. सांगितलं की ते जाळणार, हे दोघींना कळत होतं.

"सगळे," झादे म्हणाली.

दोन दिवसांनी दिताला ताप भरला. पाठ मोडून आल्यासारखी दुखायला लागली आणि कपाळ तव्यासारखं तापलं. झादेनं पेटी उघडली, रुमाल काढला आणि थेट शाळेत गेली. शाळा रिकामी करून तिथे खाटा टाकल्या होत्या आणि हनिफे तिथेच राहत होती. झादेनं शेगडीचं झाकण काढलं आणि रुमाल आत टाकला. रेशीम भस्सकन जळलं.

"हा उकळला नव्हता," ती म्हणाली.

हनिफे ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "दितानं कधी घातला?"

"आणला त्याच दिवशी."

हनिफे बाकावर बसली. "म्हणजे मी टोचलं तेव्हा रोग तिच्या अंगात होताच. लस आधी पोचायला हवी होती. त्या दिवशी तुम्ही सांगितलं असतंत तरी हेच झालं असतं, आत्या."

हे खरं होतं की हनिफेनं दया केली, ते झादेला कधी कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलंही नाही. म्हणाली, "तिला इथे आणताय ना? मग मीही येते. मला येत नाही म्हणालीस."

इद्रीझ शाळेभोवती बांधलेल्या दोरीच्या पलीकडे राहिला आणि झादे दिताबरोबर शाळेत आली. आपल्या पोरीच्या खाटेपाशी बसावं आणि भीती वाटू नये, एवढं एक त्या जुन्या रोगानं तिला दिलं होतं. ती दिताला पाणी पाजायची, अंगाखालची चादर बदलायची, बाकीच्या खाटांवरच्यांचंही करायची. फोड आधी तोंडात आले, मग चेहऱ्यावर, मग दंडांवर. ते इतके दाटले की हनिफेनं टोचलेली जागा कुठली, हेसुद्धा ओळखू येईना. झादे रोज तो दंड शोधायची. लस धरली असेल तर तिथे वेगळा फोड येतो, असं हनिफे म्हणाली होती.

एका दुपारी दिता शुद्धीवर होती.

"आत्या, आरसा दे."

"शाळा आहे ही. आरसा कुठला इथे?"

"नको मग. तुझं तोंड आहेच समोर." तिनं मान झादेकडे वळवली. "माझं तसंच होणार का गं?"

झादेनं तिच्या अंगाखालची चादर सरळ केली.

"तसं होणार असेल तर मी मेलेली बरी," दिता म्हणाली. आणि लगेच तिचा चेहरा कसानुसा झाला. "तुला नाही म्हणाले मी."

"म्हण की. मीही तुझ्याएवढी असताना रोज हेच म्हणायचे. नाही मेले. गाय दुभली, भाकऱ्या भाजल्या, तुझी शी-शू काढली. ह्या तोंडानं तुझे एवढे मुके घेतले, तेव्हा ओरडलीस का कधी?"

"नाही."

"मग? वण पडले तर पडले. तू फक्त ऊठ. मला तुझं तोंड नको, तू हवीस."

दिताच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. "लग्नात पुढे बसशील?"

"बसते की. दोघी शेजारीशेजारी. आपल्याला बघून वऱ्हाड पळून जाईल आणि सगळं मटण आपल्याला उरेल."

दिता हसली. हसताना ओठ फुटला आणि रक्त आलं, तरी हसत राहिली. झादेनं ते ओल्या फडक्यानं टिपलं. तिला वाटलं, जी हसते ती उठते. पण तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळेच्या कुंपणापाशी आलुबुखारची झाडं पांढरी फुलून आली होती तेव्हा, दिता गेली.

झादेनं तिचे डोळे मिटले आणि उठून कोपऱ्यातली झारी घेतली. ती तिनं येताना बरोबर आणली होती. सवयीनं आणली, की मनात कुठेतरी ठाऊक होतं, कोण जाणे. शेगडीवर पाणी चढवायला लागली तेव्हा हनिफे आडवी आली.

"नाही, आत्या. ह्या रोगानं गेलेल्यांना धुवायचं नाही. औषधाच्या चादरीत गुंडाळायचं, पत्र्याच्या पेटीत घालायचं, वर चुना. तसाच हुकूम आहे."

"तुझा हुकूम तुझ्यापाशी. मी सगळ्या गावाला धुतलंय. जिची ओळख नाही तिला धुतलंय. माझ्या पोरीला मी न्हाऊ न घालता पाठवू?"

"ऐका ना माझं..."

"मला येत नाही, तूच म्हणालीस! सगळ्यांसमोर म्हणालीस!"

"तुम्हाला येत नाही," हनिफे रडतच म्हणाली. "पण पाणी जमिनीवर पडणार, बाहेर वाहणार, कोणाचं पोर त्यात पाय देणार. तुम्हाला येत नाही, पण तुम्ही ते..." ती मध्येच थांबली.

"घेऊन येते," झादे म्हणाली. "मी घेऊन येते. खरंय तुझं."

तिनं झारी खाली ठेवली. त्यानंतर तिनं एकदाही मागितलं नाही.

पत्र्याची बंद पेटी अंगणात आणली. तोंडाला फडकी बांधलेली माणसं खड्डा तयार करत होती. दोरीपलीकडे इद्रीझ उभा होता, त्याच्या शेजारी म्हातारा होजा. होजाला आत यायची परवानगी नव्हती. झादेचे हात नुसतेच लोंबत होते, ते त्यानं पाहिलं आणि तिथूनच ओरडला, "झादे! पाणी मिळत नाही तिथे माती चालते. मातीनं कर, बाई! देव घेईल करून!"

झादे गुडघ्यांवर बसली. दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले, झटकले आणि हनिफेकडे बघितलं. "डोकं कुठल्या बाजूला आहे?"

हनिफेनं बोट दाखवलं. झादेनं तिथे पत्र्यावरून हात फिरवला, कपाळावरून हनुवटीपर्यंत फिरवावा तसा. पुन्हा मातीवर हात टेकवले. "उजवा हात दे, दिता," ती म्हणाली. पत्रा उन्हानं तापला होता. "आता डावा दे. झालंच हं."

दोरी निघाली तेव्हा उन्हाळा लागला होता. गावातल्या प्रत्येक दंडावर आता एक गोल खूण होती. देशभर लाखो लोकांना टोचलं आणि रोग थांबला, असं रेडिओनं सांगितलं. दिताची लग्नाची लाकडी पेटी सासरच्यांनी मागितली नाही, इद्रीझनं उघडली नाही. नवा सदरा झादेनं उसवून गाईच्या आजारपणात चिंध्या म्हणून वापरला. इद्रीझ बहिणीला कधी वेडंवाकडं बोलला नाही. पण तो तिच्याशी बोलायचाच कमी झाला, आणि झादेला वाटायचं, शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

गावातली पुढची म्हातारी गेली तेव्हा लोक झादेला बोलवायला आले, पण फाटकाबाहेरच घुटमळत राहिले. झादे झारी घेऊन निघाली. धुतलं, पुसलं, आणि गाठोडं पुढे आलं तशी हात मागे घेतला. "मला काही देऊ नका."

"रीत आहे, झादे."

"असू दे."

त्यानंतर तिनं कोणाचा रुमालसुद्धा घेतला नाही. आणि कोणाला धुताना दंडावरची खूण लागली की तिची बोटं तिथे जराशी थांबायची. दिताची लस धरली होती की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

हनिफे पुढच्या वसंतात गावातल्या पोरांना टोचायला आली. इद्रीझच्या फाटकाशी येऊन तशीच उभी राहिली. झादेनं आतून बघितलं.

"बाहेर काय उभी? खाणार नाही मी तुला. तोंडच माझं असं आहे."

हनिफे आत आली. झादेनं तिला मक्याची भाकरी आणि दही दिलं. त्या वर्षापासून हनिफे गावात आली की जेवायला तिथेच. लग्न झालं, पोरं झाली, तरी तिथेच.

बऱ्याच वर्षांनी एकदा ती आली ती टोचायची पेटी न घेता. झादे अंगणात घेवडा सोलत होती.

"आता टोचायचं बंद झालं, आत्या. देवी गेली. सगळ्या जगातून."

"सगळ्या?"

"सगळ्या. कुठेच उरली नाही."

झादेनं हातातली शेंग सोलून संपवली. "म्हणजे त्या मेलीपायी आता कोणाला न धुता पुरणार नाहीत?"

"नाही."

"जायचंच होतं, तर जरा आधी जायचं होतं तिनं." मग शेंगांचं सूप बाजूला सारून ती म्हणाली, "ऐक. मी गेले की मला तू कर. मी शिकवते. पण मला पाणी नको. मातीनंच कर, तिला केलं तसं. नाहीतर तिथे भेटल्यावर ती विचारेल, तू एवढी न्हाऊनमाखून आलीस, आणि मला तशीच पाठवलीस का? मी काय सांगू तिला?"

हनिफेनं शिकून घेतलं. पाणी कोपरावर ओतून कसं बघायचं, आधी कुठली बाजू, मान कशी धरायची, सगळं. मातीचं मात्र तिनं ना हो म्हटलं, ना नाही.

झादे एका हिवाळ्यात झोपेतच गेली. इद्रीझनं हनिफेला निरोप धाडला. तिचे केस आता पांढरे झाले होते. जुना होजा कधीच गेला होता, नवा तरुण होता. त्यानं झादेची इच्छा ऐकली आणि मान हलवली. "विहिरीत पाणी असताना माती चालत नाही. माणसाच्या मनाजोगता धर्म बदलत नाही." हनिफे त्याच्याशी वाद घालायला गेली नाही. तिनं झारी उचलली आणि शेजारणीला घेऊन आत गेली.

पाणी तिनं कोपरावर ओतून बघितलं. "उजवा हात दे, आत्या," ती म्हणाली. चेहऱ्यावरच्या एकेका खळग्यात पाणी थोडं थांबायचं आणि मग गालावरून खाली जायचं. सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. शेजारणीनं कफनाला हात घातला तशी हनिफे म्हणाली, "थांब. आणखी पाणी आण."

"झालं की गं सगळं."

"आण."

दुसरी घागर आली. हनिफेनं ते पाणीही कोपरावर ओतून बघितलं, जरा गार वाटलं म्हणून त्यात गरम घातलं. मग तोच हात पुन्हा हातात घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "उजवा हात दे, दिता."

शेजारणीनं झारी धरली आणि ओतायला लागली.

बाहेर थंडीत माणसं ताटकळली होती. आतून पाण्याचा आवाज थांबेना, तेव्हा होजानं दारावर टकटक केली. "अहो, एका बाईला किती वेळ? दिवस बुडेल."

"लागेल वेळ," हनिफे आतून म्हणाली. "दोघी आहेत."